विक्रीच्या घराचे छायाचित्रण

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घर घेऊ पाहणारा माणूस आज घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे पाहतो, आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या घरांच्या फेऱ्यांत घालवायची हे बहुतांशी त्या छायाचित्रांवरूनच ठरवतो. त्यामुळे मालमत्ता-छायाचित्रण, म्हणजे विकावयाच्या किंवा भाड्याने द्यावयाच्या जागांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय, जाहिरात आणि दस्तऐवज या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. जाहिरात म्हणून जागेचे गुण उठून दिसावेत अशी अपेक्षा असते, तर दस्तऐवज म्हणून जागा आहे तेवढीच आणि आहे तशीच दिसावी हे बंधन असते. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत असे समजून नवशिके छायाचित्रकार पहिलीकडे झुकतात आणि तेथेच त्यांचे काम बिघडते. छायाचित्रे पाहून आलेल्या माणसाला दारातच घर ओळखीचे वाटले, तर तो आत रेंगाळतो, खोल्या मोजतो, पाण्याची वेळ विचारतो. छायाचित्रातला हॉल आणि समोरचा हॉल यांचा मेळ बसला नाही, तर पुढचे सारे बोलणे संशयाच्या छायेत होते आणि त्याची किंमत मालकाला भावात मोजावी लागते. पुढे दिलेले मार्गदर्शन महाराष्ट्रातील शहरी सदनिका डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे, आणि जागेचे प्रमाण राखून तिचे गुण कसे दाखवावेत हाच त्याचा रोख आहे.

सर्वांत अधिक गफलत होते ती लेन्सच्या निवडीत. वाइड अँगल लेन्स म्हणजे एकाच चौकटीत मोठा कोन सामावून घेणारी लेन्स. तिची ही क्षमता मिलिमीटरमध्ये सांगितल्या जाणाऱ्या फोकल लेंग्थवरून, म्हणजे नाभीय अंतरावरून कळते आणि हा आकडा जितका लहान तितका कोन मोठा असतो. फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स आडवा सुमारे ५४ अंशांचा पट्टा टिपते, २४ मिमीची सुमारे ७४ अंशांचा, तर १६ मिमीची सुमारे ९७ अंशांचा. दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा १६ मिमीची लेन्स लावून दारातूनच सगळी खोली पकडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र इतक्या जवळून इतका मोठा कोन टिपला की जवळच्या वस्तू अवाजवी मोठ्या आणि समोरची भिंत अवाजवी दूर दिसू लागते. शिवाय सरळ रेषा सरळच उमटाव्यात अशी या लेन्सची रचना असल्यामुळे चौकटीच्या कडांवरील आकार बाहेरच्या बाजूस ताणले जातात, आणि कडेला आलेला फ्रिज कपाटाएवढा रुंद, गोल टेबल लंबगोल आणि दोघांचा सोफा तिघांचा वाटतो.

यावर उपाय असा की फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २० ते २४ मिमी, आणि एपीएस-सी या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १३ ते १६ मिमी, ही नेहमीची मर्यादा मानावी आणि तिच्याखाली केवळ न्हाणीघर किंवा ड्राय बाल्कनी अशा अगदी अरुंद जागेसाठीच जावे. मोबाइलवर काम करणाऱ्या एजंटांनी हे ध्यानात घ्यावे की पुष्कळ फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन २४ ते २६ मिमीच्या लेन्सशी जुळणारा असतो आणि तो बहुतेक खोल्यांना पुरतो, तर अल्ट्रा-वाइडचा कोन १३ मिमीच्या आसपास जातो आणि खोली फसवी करतो. एकाच छायाचित्रात चारही भिंती बसवण्याचा हट्ट सोडून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन छायाचित्रे घेतली, तर खोली लहान असूनही पाहणाऱ्याला तिची ठेवण नीट कळते. चौकटीत प्रमाण सांगणारी एखादी ओळखीची वस्तू, जसे दाराची चौकट, सिंगल बेड किंवा प्लास्टिकची खुर्ची, मुद्दाम येऊ द्यावी, कारण रिकाम्या खोलीचा आकार कोणालाच अंदाजता येत नाही.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या पातळीची. कॅमेरा किंचितही वर किंवा खाली कलला की भिंतींच्या उभ्या कडा एकमेकींकडे झुकतात आणि घर ढासळत असल्याचा भास होतो, म्हणून ट्रायपॉड आणि कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक लेव्हल यांचा वापर प्रत्येक वेळी करावा. उभे राहून डोळ्यांच्या उंचीवरून छायाचित्र घेणाऱ्याला फरशी दाखवण्यासाठी कॅमेरा खाली झुकवावा लागतो, आणि न झुकवावा तर अर्धी चौकट छताने व्यापते. याउलट कॅमेरा सुमारे चार फुटांवर ठेवून समोर सरळ रोखला की छत आणि फरशी यांचा तोल आपोआप साधतो. ज्यांना परवडते ते शिफ्ट लेन्स वापरतात, म्हणजे अशी लेन्स की जी कॅमेरा सरळ ठेवूनच वर-खाली सरकवता येते. इमारतीचे दर्शनी भाग टिपताना तिचा खरा उपयोग होतो. इतरांनी थोडी मोकळी चौकट घेऊन नंतर संगणकावर उभ्या रेषा सरळ कराव्यात, मात्र ही दुरुस्ती फार ताणली तर इमारत डोक्याकडे रुंदावल्यासारखी दिसते.

स्वयंपाकघर हे या सगळ्याची परीक्षा घेणारे ठिकाण आहे, आणि मराठी घरांत खरेदीचा कौल पुष्कळदा तेथेच लागत असल्यामुळे त्याला वेळ द्यावा. वन बीएचकेतील स्वयंपाकघर बहुधा लांबट आणि अरुंद असते. एका बाजूला ग्रॅनाइटचा ओटा, त्याच्या टोकाला सिंक, समोर खिडकी आणि तिच्यापलीकडे ड्राय बाल्कनी. ओट्याची उंची साधारण पावणेतीन फूट असते, त्यामुळे कॅमेरा तीन-सव्वातीन फुटांवर आणला तर ओट्याचा पृष्ठभाग एका पट्ट्यासारखा दिसतो आणि खालची ट्रॉलीची कपाटे व वरची भिंतीतली कपाटे दोन्ही प्रमाणात येतात. चार फुटांवरून तोच ओटा उघडा पडतो आणि त्यावरचा प्रत्येक डबा मोजता येतो. काळ्या ग्रॅनाइटवर खिडकीचे प्रतिबिंब पांढऱ्या डागासारखे पडते, ते कॅमेरा वीतभर बाजूला सरकवून किंवा पोलरायझर फिल्टर फिरवून कमी करता येते. शेगडी पुसलेली असावी, चिमणीच्या जाळीवरचे तेल निघालेले असावे, भांडी घासण्याचा स्पंज आणि साबणाची वडी तेवढ्यापुरती कपाटात जावी. पण गॅसचा सिलिंडर ज्या खणात राहतो तो खण आणि पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राची जागा दिसू द्यावी, कारण स्वयंपाक करणारी व्यक्ती छायाचित्र मोठे करून नेमके तेच शोधत असते. ओट्यावर फळांची परडी आणि फुलदाणी मांडण्याची परदेशी मासिकांची रीत येथे उसनी वाटते. तांब्या-पितळेचे एखादे भांडे तेथे मुळात असेल तर ते असू द्यावे.

उजेडाचा विचार घरी जाण्याच्या आदल्या दिवशीच करावा लागतो. वास्तुशास्त्राच्या प्रभावामुळे आपल्या दाराची दिशा प्रत्येक मालकाला तोंडपाठ असते, परंतु छायाचित्रकाराला दारापेक्षा खिडक्यांची दिशा हवी असते, आणि ती वेगळी विचारून घ्यावी लागते. पूर्वेच्या खोल्या सकाळी उन्हाने भरतात, मात्र ऊन थेट फरशीवर पडले की तेथे पांढरा चटका आणि बाकी खोलीत अंधार अशी विषमता निर्माण होते. म्हणून ऊन खिडकीवरून हटल्यावर, पण आकाश उजळ असतानाच, त्या खोल्या टिपाव्यात. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षाचा बराच काळ सौम्य आणि स्थिर असतो, तरी महाराष्ट्रात त्याला एक अपवाद आहे. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस हीच या काळाची सुरुवात आणि अखेर. त्या आठवड्यांत एरवी सावलीत असलेल्या उत्तरेकडील भिंतींवर आणि बाल्कनींवर ऊन येते. याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवरच थांबतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीतून ऊन खोलीत बरेच आतवर येते. हिवाळ्यात असे घर अत्यंत प्रसन्न दिसते, आणि मालकाला छायाचित्रांची घाई नसेल तर त्याने तेवढी वाट पाहणे योग्य.

पश्चिमेला समुद्र किंवा टेकडी दिसत असेल तर मालक सूर्यास्ताचा आग्रह धरतो. सूर्यास्त सुंदर येतो हे खरे, पण तेव्हा सूर्य थेट लेन्समध्ये येतो आणि देखाव्याचे तपशील काळवंडतात. तोच समुद्र सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, सूर्य इमारतीच्या पाठीशी असताना, निळा आणि स्वच्छ दिसतो. घर विकत घेणाऱ्याला समुद्र किती दिसतो हे कळायला हवे, म्हणून सकाळचे छायाचित्र मुख्य आणि संध्याकाळचे पूरक असा क्रम ठेवावा. पावसाळ्यात आतील खोल्यांना ढगांमुळे मऊ उजेड मिळतो, पण इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर ओलीचे काळे ओघळ उतरलेले असतात आणि आकाश पांढरे पडते. इमारतीच्या दर्शनी छायाचित्रांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ चांगला, कारण हवा धुतलेली असते, झाडे हिरवी असतात आणि दिवाळीच्या तोंडावर पुष्कळ घरांना रंगाचा हात मिळालेला असतो.

खिडकीचा प्रश्न मात्र कोणत्याही ऋतूत सुटत नाही. भरदुपारी खिडकीबाहेरचे दृश्य आणि खोलीतला कोपरा यांच्या उजेडातील तफावत एवढी असते की डोळे ती सहज पेलतात, पण एकच एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरला एका वेळी मिळणारी प्रकाशाची मात्रा, ती पेलू शकत नाही. खोली नीट आली तर खिडकी पांढरीफटक होते, खिडकी सांभाळली तर खोली गुहेसारखी दिसते. त्यासाठी ब्रॅकेटिंग करतात. कॅमेरा ट्रायपॉडवर अचल ठेवून, आयएसओ १०० आणि छिद्र एफ/८ च्या आसपास कायम ठेवून, केवळ शटरची गती बदलत तीन ते पाच छायाचित्रे घेतली जातात, त्यांत एकापेक्षा दुसऱ्यात दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट प्रकाशाचा, फरक असतो, आणि नंतर प्रत्येकातला योग्य भाग घेऊन एक छायाचित्र जुळवले जाते. ही जुळवणी संगणकावर सोडून दिली की एचडीआर नावाने ओळखला जाणारा तो राखाडी, चकचकीत, सावल्याच नसलेला परिणाम मिळतो, जो पाहताच घर खोटे वाटते. सावली राहू दिली तरच भिंतीला खोली येते. काही जण एका छायाचित्रात फ्लॅश वापरून त्याचा उजेड पांढऱ्या छतावर किंवा पाठीमागच्या भिंतीवर उसळवतात आणि तो नैसर्गिक उजेडाच्या छायाचित्रात मिसळतात. ही पद्धत रंग स्वच्छ ठेवते, मात्र भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल तर तोच रंग सगळ्या खोलीवर चढतो. ही कल्पना आजची नाही. अमेरिकी छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांनी १९६० मध्ये लॉस एंजेलिसच्या टेकडीवरील, वास्तुरचनाकार पिअर कोनिग यांच्या काचेच्या घराचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र काढले, त्यात खाली पसरलेल्या शहराचे दिवे दीर्घ एक्स्पोजरने आणि घरात बसलेल्या दोन तरुणी फ्लॅशने, अशा दोन्ही गोष्टी एकाच फिल्मवर उतरवल्या होत्या. अंतर्भाग आणि बाहेरचे जग यांना एकत्र आणण्याची त्यांची हिकमत या व्यवसायातल्या प्रत्येकाने निवांतपणे अभ्यासावी अशी आहे.

ब्रॅकेटिंग करताना छताचा पंखा बंद ठेवावा, नाही तर जुळवणीत पात्यांची भुते उमटतात. दिवसा दिवे लावावेत की नाही याबाबत दोन मते आहेत. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या एककात मोजतात आणि आकडा लहान तितका रंग पिवळा. दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्व्हिन, पिवळा दिवा २७०० ते ३०००, आणि आपल्याकडे घरोघरी असलेली पांढरी एलईडी ट्यूब ६५०० च्या आसपास. तिन्ही एकाच खोलीत एकत्र आले की भिंतीचा एक भाग निळसर, एक पिवळसर होतो आणि कितीही दुरुस्ती केली तरी तो फरक जात नाही. त्यामुळे दिवसा खिडकी असलेल्या खोल्यांत सर्व दिवे बंद ठेवणे हाच उत्तम मार्ग होय. खिडकी नसलेला पॅसेज किंवा न्हाणीघर दिव्यातच टिपावे, पण तेथे एकाच रंगाचे दिवे राहतील असे पाहावे.

तयारीचा भाग मालकावर सोपवावा, परंतु सूचना नेमक्या द्याव्यात आणि आदल्या दिवशी द्याव्यात. ग्रीलमध्ये वाळत घातलेले कपडे काढावेत, पडदे दोन्ही बाजूंना सारखे बांधावेत, दाराशेजारचा चपलांचा स्टँड आवरावा, कपाटावर रचलेल्या बॅगा आणि खोके तेवढ्यापुरते माळ्यावर किंवा शेजारी हलवावेत. छायाचित्रकाराने स्वतः चपला दाराबाहेर काढाव्यात आणि ट्रायपॉडच्या पायांना रबरी टोप्या असाव्यात, म्हणजे फरशीला ओरखडा येत नाही आणि घरच्यांचा विश्वासही बसतो. देव्हारा कधीही स्वतः हलवू नये; तो चौकटीत यावा की नाही हे घरच्यांना विचारावे आणि त्यांच्या मनाप्रमाणे चौकट बदलावी. भिंतीवरची कुटुंबाची छायाचित्रे, मुलांची शाळेची प्रमाणपत्रे, पलंगाशेजारची औषधे, तिजोरीची जागा, किल्ल्या अडकवण्याचा खिळा, पार्किंगमधल्या वाहनांचे क्रमांक, हे सारे एकदा जाहिरातीत गेले की कोणाच्या हातात पडेल याचा नेम नसतो, म्हणून ते टिपण्याआधीच टाळावे. नंतर धूसर करण्याच्या भरवशावर राहू नये. घरात भाडेकरू राहत असेल तर मालकाची परवानगी पुरेशी मानू नये, भाडेकरूला वेळ विचारून जावे आणि त्याचे सामान दिसणार असेल तर त्याची संमती घ्यावी. अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती घरात असेल तर त्या खोलीचे छायाचित्र न घेता नुसता नकाशा देणे अधिक शोभते. सोसायटीचा जिना, लॉबी, गच्ची आणि बाग यांच्यासाठी सचिवांना आधी कळवलेले बरे, नाही तर वॉचमनशी वाद घालण्यात सकाळचा उजेड निघून जातो.

संपादनात काय करावे आणि काय करू नये याची सीमारेषा एका कसोटीने आखता येते: जी गोष्ट घर ताब्यात मिळाल्यावर तेथे नसणार ती काढावी, जी असणार ती ठेवावी. जमिनीवरची वायर, केराचा डबा, आरशातले छायाचित्रकाराचे स्वतःचे प्रतिबिंब काढण्यास हरकत नाही. छताच्या कोपऱ्यातली गळतीची खूण, तुळईला गेलेला तडा, खिडकीसमोरचा विजेचा खांब आणि हाताच्या अंतरावर उभी असलेली शेजारची इमारत काढणे मात्र फसवणूक आहे, आणि पांढऱ्या खिडकीत दुसरीकडचे आकाश किंवा समुद्र चिकटवणे ही त्याहून मोठी. रिकाम्या खोलीत संगणकावर फर्निचर मांडण्याची, व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणून ओळखली जाणारी, पद्धत आता स्वस्त झाली आहे; ती वापरायचीच असेल तर त्या छायाचित्रावरच ठळकपणे तसे लिहावे, शेजारी रिकाम्या खोलीचे मूळ छायाचित्र द्यावे आणि पलंग खऱ्या मापाचा ठेवावा. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटबाबतही हीच दक्षता हवी, कारण काही सॅम्पल फ्लॅटमध्ये दारेच बसवलेली नसतात, भिंतींच्या जागी काच असते आणि पलंगही नेहमीपेक्षा आखूड असतो.

हा केवळ सदभिरुचीचा प्रश्न नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, जो रेरा या नावाने परिचित आहे, त्याच्या १२ व्या कलमानुसार जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास भरलेली रक्कम व्याजासह मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी करणारे महारेरा प्राधिकरण मे २०१७ पासून कार्यरत आहे, नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता देणे बंधनकारक आहे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही आवश्यक झाला आहे. छायाचित्रकाराने चौकट आखतानाच या मजकुरासाठी मोकळी जागा राखली तर पुढे त्याच्याच चित्रावर भलतीकडे पट्टी चिकटवली जात नाही. छायाचित्राखाली क्षेत्रफळ द्यायचे झाल्यास ते कार्पेट एरिया, म्हणजे चटई क्षेत्र, असावे. कायद्यात त्याची व्याख्या वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र अशी आहे, ज्यात आतल्या भिंतींखालची जागा धरली जाते, पण बाहेरच्या भिंती, सेवा-शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. बाल्कनी हॉलमध्ये मिसळून घेतलेल्या घराचे छायाचित्र काढताना ही गोष्ट खुलासेवार लिहावी.

उंचावरून चित्रीकरण करण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागलेले आहे आणि उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय मंचावरील नकाशा पाहणे भाग आहे. हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा सर्वसाधारणपणे ४०० फूट, आणि विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. मुंबईत सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचा धावपट्टीतळ, कुलाब्याचा नौदलाचा परिसर आणि तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, तर पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ लक्षात घेता मोकळे आकाश थोडेच उरते, शिवाय मुंबई पोलिसांचे वेळोवेळी निघणारे बंदी आदेश वेगळे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून, तेथील सोसायटीची रीतसर परवानगी घेऊन, मध्यम टेलिफोटो लेन्सने घेतलेले छायाचित्र बहुतेक वेळा ड्रोनइतकेच उपयोगी पडते.

जुन्या वास्तूंसाठी मात्र वरील नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि या व्यवसायात टिकू पाहणाऱ्याने त्यांचा स्वतंत्र नाद ठेवावा. पुण्यातील वाड्यात उजेड चौकातून येतो, ओसरीवर तो मऊ होतो आणि माजघरात पोहोचेपर्यंत मंदावतो. तेथे प्रत्येक खोली सारखीच उजळ करणे म्हणजे वाड्याची रचनाच पुसून टाकणे होय. गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून येणारा दुधाळ उजेड फ्लॅशच्या एका झोताने नाहीसा होतो. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारसास्थळाचा भाग आहेत, आणि त्यांतला फ्लॅट विक्रीस निघाल्यास वळणदार बाल्कनी, खिडक्यांवरचे पट्टीसारखे छज्जे, जिन्याचा कठडा आणि फरशीची नक्षी यांचे जवळून घेतलेले एकेक छायाचित्र त्या जागेची किंमत सांगते. चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर उभारलेल्या कांचनजंगा इमारतीत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच, हा पेच दुमजली उंचीच्या खोल बाल्कनी-बागांनी सोडवला आहे. अशी रचना टिपणाऱ्याला ती बाग कोणत्या वेळी सावलीत असते हे ठाऊक असेल तरच त्याच्या छायाचित्रात वास्तुरचनाकाराचा विचार उतरतो. स्थापत्यावरची पुस्तके वाचणे आणि सुट्टीत कॅमेऱ्याविना इमारती पाहत हिंडणे याचा मोबदला कोणी देत नाही, तरी काम सुधारते ते त्यानेच.

कामाचे मोल आणि हक्क यांविषयी मात्र पुष्कळ छायाचित्रकार बेफिकीर असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या १७ व्या कलमाप्रमाणे एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणून तेच छायाचित्र स्वतःच्या संग्रहात दाखवायचे असेल किंवा बिल्डरने ते अंतर्गत सजावटकाराला विकू नये अशी इच्छा असेल, तर काम स्वीकारतानाच दोन ओळींचा लेखी करार करावा. वापर किती काळासाठी आणि कोठे, संपादनाच्या किती फेऱ्या, काम रद्द झाल्यास किती रक्कम, हेही त्यातच यावे.

छायाचित्रे सोपवताना त्यांचा क्रम घरात चालत जाण्याचा असावा: आधी इमारत आणि प्रवेशद्वार, मग मुख्य दारातून दिसणारा हॉल, हॉलमधून स्वयंपाकघर, मग झोपण्याच्या खोल्या, न्हाणीघर, बाल्कनी आणि बाल्कनीतून दिसणारे दृश्य. वन बीएचकेसाठी दहा-बारा छायाचित्रे पुरतात. एकाच सोफ्याची चार छायाचित्रे पाठवली तर घरात दाखवण्याजोगे दुसरे काही नाही असा समज होतो. सोबत हाताने मोजून काढलेला साधा नकाशा दिला तर पाहणाऱ्याच्या मनातले उरलेसुरले प्रश्न मिटतात. पुनर्विक्रीचे घर महिनोन्‌महिने बाजारात राहू शकते आणि तेवढ्यात समोरच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास सुरू होऊन खिडकीबाहेरचे आकाश बदलू शकते, म्हणून प्रत्येक छायाचित्राच्या फाइलवर तारीख असावी, मूळ रॉ फाइली, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या असंपादित नोंदी, करारनामा नोंदवला जाईपर्यंत जपाव्यात आणि बाहेरचे दृश्य बदलल्याचे कळताच तेवढे छायाचित्र नव्याने काढून द्यावे.